दाण्यातलं पाणी

"फुटलं?"

"न्हाई."

"आता?"

"भीम्या, दर सेकंदाला इचारू नको! फुटल्यावर ऐकू येईल की!"

कढईवर उपडं घातलेलं ताट पल्लवीने फडक्याने घट्ट धरून ठेवलं होतं. आत तेल तापलं होतं, मूठभर मका होता, आणि आवाज मात्र काहीच नव्हता. शेजारी पाटावर चढून उभा राहिलेला भीमराज, तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ, मान लांब करकरून बघत होता. दारात पुजा उभी होती. ती पल्लवीच्याच वर्गातली, सातवीतली. सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी तांड्यावरून चालत यायची.

कढईतून एकदाच 'टक्' झालं. मग करपल्याचा वास आला.

पल्लवीने गॅस बंद करून ताट उचललं. पन्नासेक दाणे काळेठिक्कर पडले होते. एक तेवढा अर्धवट उमलला होता, तोही दात दुखणाऱ्या माणसासारखा वाकडं तोंड करून.

"ही कसली लाही!" भीमराज म्हणाला. "हा तर खडा हाय!"

पल्लवीला हसूही आलं नाही.

कारण येत्या शनिवारी संध्याकाळी मम्मी येणार होती.

पल्लवीची मम्मी, संध्या, नर्स होती. जूनमध्ये तिला नंदुरबारकडच्या एका आरोग्य केंद्रात नोकरीचा हुकूम आला. तो आणायला मायलेकी नांदेडला गेल्या होत्या. तिथे एका मोठ्या दुकानाच्या दारात काचेच्या पेटीत तांबूस, चकचकीत लाह्या होत्या, आणि त्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मम्मीने एक डबी घेतली. दोघींनी ती बसमध्ये एकेक लाही करत आपल्या गावापर्यंत, पुसेगावपर्यंत पुरवली. पाटीवर लिहिलं होतं, कॅरॅमल पॉपकॉर्न.

"साखरेचा पाक, लोणी आणि चिमूटभर खायचा सोडा," मम्मी शेवटची लाही चघळत म्हणाली होती. "एवढंच तर हाय. घरी करू आपण. मका पण आपलाच लावू."

जाण्याच्या आदल्या दिवशी पहिला पाऊस झालेला होता. दोघींनी घरामागे एकच तास, म्हणजे एकच ओळ, धरून लाह्यांचा मका दाणा दाणा टोबला. "हा काढणीला येईल ना पल्लू, तेव्हा मी येईन," मम्मी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली.

त्या दिवसापासून पल्लवीचं कॅलेंडर म्हणजे तो तास होता. रविवारी मम्मीचा फोन आला की ती सांगायची, "मम्मी, गुडघ्याएवढा झाला." "मम्मी, माझ्या खांद्याला लागून राहिला." "मम्मी, तुरे आले!" तिकडे डोंगरात रेंज तुटायची. वाक्याचा शेवट कधी पोचायचा, कधी नाही. मग पल्लवी फोन कानाला तसाच धरून ठेवायची, उगाच.

आणि आता तो मका काढून, सोलून, स्टीलच्या डब्यात भरून ठेवला होता. मम्मी यायला तीन दिवस राहिले होते. आणि दाणा फुटत नव्हता!

"मला समजलं," भीमराज डोळे बारीक करून म्हणाला. "चोरी! कोणीतरी आपला मका नेला अन् म्हशीचा मका भरून ठेवला!"

"म्हशीच्या मक्यासाठी चोर कशाला येईल?" पुजा म्हणाली.

"चोराची म्हैस असंल!"

पल्लवीने डब्यातले चार दाणे तळहातावर घेतले आणि उजेडात धरले. मग परसात गेली. पप्पांनी कोंबड्यांसाठी आणलेल्या मक्याचे चार दाणे घेऊन आली. "बघा. कोंबड्यांचा मका मोठा, चपटा, डोक्यावर खळगा असलेला. आपला बारीक अन् टोकदार. डब्यातला टोकदारच हाय. म्हंजे बदलला न्हाई कोणी."

"मग दाणेच खराब," भीमराज म्हणाला. तो सहजासहजी हार मानणारा नव्हता. "पेरतानाच चुकलं असंल काहीतरी."

पेरलं तर मम्मीनेच होतं. मम्मीचं चुकलं असेल, ही गोष्ट तिला त्या करपलेल्या वासापेक्षाही नको होती.

"थांब!" पुजा एकदम म्हणाली. "तू मला दोन कणसं दिली व्हती की! दादीनं चुलीच्या वरच्या खुंटीला टांगून ठेवलीत. ती याच तासातली न्हाईत का?"

पल्लवीने डबा काखेत मारला. "चला!"

तांडा पाऊण मैलावर होता. रस्त्याच्या एका कडेला ताडपत्र्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर सोयाबीन पसरलं होतं. जो तो पायाने सोयाबीन वरखाली करत होता. यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा. आडतीवर, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानात, मशीन बारापेक्षा जास्त आकडा दाखवी, आणि माल परत येई.

पुजाच्या आजीने, नानीबाईने, खुंटीवरची कणसं काढून दिली खरी, पण एका अटीवर. "फोडाल ते माझ्या डोळ्यांपुढं फोडा. पोरींनो, तेल उडतंय."

एका कणसाचे दहा दाणे मोजून कढईत घातले. ताट ठेवलं. तिघं श्वास रोखून बसली.

तड्!

"फुटलं!" भीमराज ओरडला.

तड्, तडतड्, तड्! ताट उचललं तर दहापैकी नऊ दाणे पांढरेशुभ्र, फुललेले. डब्यातले दहा दाणे त्याच कढईत, त्याच तेलात घातले. एकही फुटला नाही.

पल्लवीच्या मनावरचा दगड उतरला. मम्मीचं चुकलं नव्हतं! एकच बी, एकच माती, एकच पाऊस. कणसं घरात टांगलेली राहिली, ती फुटली. डब्यातला मका फुटला नाही. म्हणजे जे काय झालं, ते काढणीनंतर झालं, आणि डब्यातल्याच मक्याला झालं.

तिने डबा परातीत उपडा केला आणि दाणे बोटाने बाजूला सारत गेली. तळाशी काहीतरी होतं. सोयाबीनचं थोडं कुटार, म्हणजे भुसकट, एक सोयाबीनचा दाणा, आणि निळ्या प्लॅस्टिकचा बारीक धागा.

"हे डब्यात काहून?" पुजा म्हणाली.

"ताडपत्रीचा धागा हाय हा," पल्लवी म्हणाली. "अन् निळी ताडपत्री आपल्या आळीत एकाचकडं हाय."

दोघींनी एकदम भीमराजकडे बघितलं.

"माझ्याकडं काहून बघून राहिल्या?" भीमराज मागे सरकला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "अरे! निळी तर आमच्या पप्पाची!"

भीमराजचे पप्पा, सुदामकाका, अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. डबा पाहून ते खूश झाले.

"वाळला का न्हाई कडक? अगं, तू शिरड शहापूरला मामाकडं गेली व्हती ना चार दिवस, तेव्हा म्या घातला वाळत. पत्र्यावर, ताडपत्री टाकून. चार दिवस बराबर उन्हात! दाताखाली धरला तर कट् आवाज येतो!"

"काका! पण तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? वहिनी येणार, लाह्या व्हणार. माल ओला निघाला म्हंजे? माझं सोयाबीन तीन खेपा परत पाठवलं आडतीवरून. ओलं हाय, ओलं हाय! म्या म्हणलं, पोरीच्या मक्याला तरी कोणी नाव ठेवायला नको." काकांनी कपबशी खाली ठेवली. "काहून? काय झालं?"

पल्लवीला रागवायचं होतं. पण काका इतक्या मायेने बघत होते की राग कुठे ठेवावा तेच कळेना. डोळे मात्र भरून आले. "काका, तो आता फुटत न्हाई."

"वाळला म्हणून? वाळलेलं तर चांगलं असतंय की!"

आता कुठे सगळं पल्लवीच्या ध्यानात आलं. लाही फुटते ती दाण्यातल्या पाण्यामुळे. विज्ञानाच्या सरांनी कुकरची शिट्टी शिकवताना सांगितलं होतं. पाणी तापतं, वाफ होते, वाफेला जागा लागते. मक्याचा टणक दाणा म्हणजे एवढासा कुकर. त्यातलं पाणीच गेलं तर वाफ कुठून होणार? सोयाबीनला जे नको तेच लाहीला हवं. काकांनी चार दिवस राबून नेमकं तेच काढून टाकलं होतं.

"मग पाणी परत घालायचं!" पुजा म्हणाली. "आमची दादी पंचमीला ज्वारीच्या लाह्या करते ना, तेव्हा आदल्या दिवशी ज्वारीला पाणी मारून फडक्यात बांधून ठेवते."

"पण किती मारायचं?"

"ते दादीच्या हाताला समजतं."

"ज्वारीचं समजतं. मक्याचं कोणाच्या हाताला समजतं?" पल्लवी म्हणाली. "जास्त झालं तर बुरशी लागंल. कमी पडलं तर फुटणार न्हाई. अन् दुसऱ्यांदा करायला दिवस न्हाईत." ती एकदम थांबली. "काका, ते आडतीवरचं मशीन मक्याचं पण पाणी सांगतं का?"

"मशीनचं नाव काढू नको माझ्यासमोर!" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आडतीवर हजर झाली. पल्लवीच्या हातात डबा होता, आणि पुजाच्या पिशवीत टांगलेल्या कणसांचे राहिलेले दाणे. पप्पांनी, प्रेमानंदांनी, शेतावर जाताना विचारलं होतं, "काय चाललंय तुमचं?" पल्लवी म्हणाली, "प्रयोग." पप्पा म्हणाले, "मम्मीसारखीच हाय," आणि पुढे काही न बोलता पायडल मारत निघून गेले. त्यांनाही आठवण यायची, पण ते ती अशीच काढायचे, चालता चालता.

आडतीत मुनीम सटवाजी टेबलाशी बसले होते. समोर ते मशीन, डब्याएवढं, वर वाटी आणि पुढे काचेत आकडे. रांगेत पुजाचे काका लालसिंग उभे होते. मुनिमांनी त्यांचं मूठभर सोयाबीन वाटीत ओतलं, बटण दाबलं.

"साडेचौदा! वाळवून आणा."

"मुनीमजी, पाच दिवस झाले वाळवून राहिलो. आता काय भाजून आणू?"

"मशीन खोटं बोलत न्हाई. चला, पुढचा कोण?"

लालसिंग पोतं पाठीवर घेऊन जड पावलांनी बाहेर पडले. पुढची होती पल्लवी.

"मुनीमकाका, एवढा मका मोजून द्या ना. वजन पण अन् मॉइश्चर पण."

"लेकरांचा खेळ हाय का हा?" म्हणत का होईना, त्यांनी काट्यावर डबा रिकामा केला. बरोबर एक किलो. मग वाटीत मका ओतून बटण दाबलं. नऊ. पुजाचे दाणे ओतले. चौदा.

चौदा! पल्लवीने वहीत लिहून घेतलं. फुटणारा दाणा चौदा, न फुटणारा नऊ. काम झालं होतं. ती वळलीच होती, एवढ्यात भीमराज मशीनला नाक लावून म्हणाला, "मुनीमकाका, ह्या कोपऱ्यात सहा काहून लिहिलंय?"

"असतंय काहीतरी. हात लावू नको."

पल्लवीने वर बघितलं. भिंतीवर मशीनबरोबर आलेला, धुळीने माखलेला एक कागद चिकटवला होता. त्यावर पिकांचे नंबर होते. गहू एक. मका सहा. सोयाबीन बारा.

तिने परत काचेकडे बघितलं. लालसिंगकाकांचं सोयाबीन मोजल्यावर मुनिमांनी लगेच तिचा मका मोजला होता. मध्ये नंबर बदललाच नव्हता. तरी आता काचेत सहा, म्हणजे मका. मग सोयाबीन मोजताना काय होतं?

तेही सहाच!

ती पुजाच्या कानात कुजबुजली. पुजाचे डोळे मोठे झाले. "सांग ना त्यांना!"

"असं तोंडावर सांगितलं तर हाकलून देतील. मशीन खोटं बोलत न्हाई म्हणतात ना? मग मशीनलाच बोलू दे." पल्लवी टेबलाशी परत गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मुनीमकाका, आमाला सुट्टीत विज्ञानाचा प्रकल्प करायचाय. पाच पिकांचं मॉइश्चर. तुमच्याएवढं मशीनचं ज्ञान पुसेगावात कोणाला न्हाई म्हणतात. दाखवता का?"

मुनीम जरा सरळ बसले. "ज्ञान म्हंजे, आता वीस वर्षं झाली या धंद्यात."

"गहू पहिला," पुजाने लगेच कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठ भरून आणली. "कागदावर नंबर एक लिहिलाय."

"व्हय, व्हय, म्हाईत हाय मला." मुनिमांनी एक नंबर लावला. पल्लवीने वहीत लिहिलं. मग हरभरा, मग तूर. मुनीम आता रंगात आले होते. रांगेतले शेतकरीही पुढे सरकून बघू लागले.

"आता सोयाबीन," पल्लवी म्हणाली. "नंबर बारा. हे लालसिंगकाकांच्या पोत्यातलंच सांडलेलं हाय इथं, हेच घ्या."

मुनिमांनी बारा नंबर लावला. सोयाबीन ओतलं. बटण दाबलं.

अकरा पॉइंट दोन!

रांगेतल्या सगळ्या माना काचेकडे वळल्या.

"आत्ताच तर साडेचौदा व्हतं की," रांगेतला एकजण हळूच म्हणाला.

"मुनीमकाका," भीमराज निरागसपणे म्हणाला, "मघाशी मशीन खोटं बोललं का आता?"

मुनिमांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी परत मोजलं. अकरा पॉइंट दोन. तिसऱ्यांदा मोजलं. अकरा पॉइंट एक. गलका ऐकून आतल्या खोलीतून मालक रामप्रसादशेठ बाहेर आले. पल्लवीने त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. घाई न करता, मम्मी पेशंटचं सांगते तसं, एकापुढे एक.

शेठनी बोटाने कागदावरची धूळ पुसली. "मागच्या गुरुवारी मक्याची गाडी आली होती," ते म्हणाले. "तेव्हा सहा लावला असेल, आणि परत कोणी बदललाच नाही. आठ दिवस! सटवाजी, ज्यांचा ज्यांचा माल परत गेला, त्या सगळ्यांना फोन लावा. आणि प्रत्येकाला आपली चूक झाली असं सांगा. मशीनची नाही, आपली."

"जी," मुनीम मान खाली घालून म्हणाले. मग त्यांनीच दारात जाऊन जोरात हाक मारली, "ओ लालसिंगभाऊ! परत या! पोतं घेऊन परत या!"

घरी परत येताना भीमराज रस्ताभर उड्या मारत होता, आणि पल्लवी मनातल्या मनात हिशेब करत होती. एक किलोत नऊ टक्के पाणी, म्हणजे नव्वद ग्रॅम. उरलेला कोरडा दाणा नऊशे दहा. चौदा टक्के पाणी हवं, तर कोरडा भाग शंभरात शहाऐंशी. नऊशे दहाला शहाऐंशीने भागून शंभराने गुणलं तर एक हजार अठ्ठावन्न. म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅम पाणी कमी होतं!

मम्मीच्या कपाटाच्या खणात औषध पाजायची, सुई नसलेली दहा मिलिलिटरची पिचकारी होती. खण उघडताच मम्मीचा वास आला, साबणाचा आणि डेटॉलचा. पल्लवी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पिचकारी उचलली. पाच वेळा पूर्ण, सहाव्यांदा आठच्या रेघेपर्यंत.

दाणे काचेच्या मोठ्या बरणीत भरले, पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं. सुदामकाका शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"म्हंजे माझं सोयाबीन कोरडंच व्हतं?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"व्हय, काका."

"अन् त्या सहा आकड्यापायी म्या तुझा मका..." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "आण ती बरणी. हलवायचं काम माझं!"

आणि खरंच, काका दर दोन तासांनी येऊन बरणी हलवू लागले, एखादं लेकरू खेळवावं तशी. शुक्रवारी सकाळी बरणीची काच आतून कोरडी झाली. पाणी दाण्यांनी पिऊन घेतलं होतं. पण ते आतपर्यंत पोचलं का? दहा दाणे टाकून बघितले. चार फुटले. संध्याकाळी परत दहा. सहा फुटले.

"वाढून राहिलंय!" पुजा म्हणाली.

त्याच वेळी फोन वाजला. मम्मी!

"पल्लू, ऐक ना." मम्मीचा आवाज दमलेला होता. "बरोबरची नर्स आजारी पडली. दोन रात्रींची एकच रात्र झालीय. उद्या संध्याकाळी येते, रविवारी दुपारच्या गाडीने निघावं लागेल."

पल्लवीने ओठ घट्ट मिटून घेतले. पाच महिने, आणि एक रात्र!

"पल्लू? रेंज गेली का?"

"न्हाई मम्मी. हाय मी."

"लाह्यांचं काय गं? तयार हाय ना सगळं?"

पल्लवीने बरणीकडे बघितलं. दहापैकी सहा. "तू ये," ती म्हणाली. "तू नुसती ये."

शनिवारी दिवे लागायच्या वेळेला हिंगोलीकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली. पल्लवी किती वेळची तिथे उभी होती! मम्मी उतरली. वाळलेली, उन्हाने काळवंडलेली, खांद्याला जुनीच पिशवी. पल्लवीला वाटलं होतं आपण धावत जाऊ. पण पाय जागच्या जागी राहिले, आणि मम्मीच धावत आली.

"खांद्याला लागलीस की गं माझ्या," मम्मी म्हणाली. "फोनवर मका केवढा झाला ते सांगितलंस. तू केवढी झालीस ते कोण सांगणार?"

घरात सगळे जमले होते. पप्पांनी लोणी आणून ठेवलं होतं. नानीबाई पुजाला घेऊन आली होती, लालसिंगही आले होते. मम्मीने हातपाय धुतले, पदर खोचला. कढई ठेवली, तेल घातलं, तापलेल्या तेलात तीन दाणे टाकून बघितले, मग बरणीतली पहिली मूठ. पल्लवीने ताट धरलं. कोणी बोलेना. भीमराजसुद्धा!

तड्.

मग एकदम तडतडतड्, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं! ताट पल्लवीच्या हाताखाली थरथरू लागलं. सुदामकाकांनी डोळे पुसले आणि धुराला नाव ठेवलं, धूर नव्हताच तरी.

"आता ऐक," मम्मी तिच्या कानाशी म्हणाली. "आवाज विरळ झाला की मोजायचं. एका तड् नंतर दुसरा येईपर्यंत एक, दोन म्हणून झालं, की गॅस बंद. तीनची वाट बघायची न्हाई. करपतं."

"एक... दोन..." पल्लवी म्हणाली, आणि गॅस बंद केला.

पाक मात्र मम्मीने एकटीनेच केला. सगळ्यांना दोन हात लांब बसवून. साखर वितळली, सोनेरी झाली, मग मधासारखी तांबूस. लोणी पडताच फसफसलं. चिमूटभर सोडा टाकला आणि पाक फेस होऊन वर आला. "बुडबुडे!" भीमराज ओरडला. "त्याच बुडबुड्यांनी पाक हलका होतो, कुरकुरीत होतो," मम्मीने सांगत सांगत लाह्या ओतल्या आणि भराभर परतल्या. नांदेडचा तो वास घरभर पसरला.

खाता खाता पप्पांनी आडतीची गोष्ट सांगितली. लालसिंग मध्येच म्हणाले, "वहिनी, तांड्यातली सतरा घरं नाव काढून राहिलीत या तिघांचं. आमी मोठी माणसं रोज त्या कागदाखाली उभी राहत व्हतो. वाचला या लेकरांनी!"

"शेठ म्हणाले, ते नंबर आता मोठ्या अक्षरात पल्लवीकडूनच लिहून घेणार," पप्पा म्हणाले. "अन् सटवाजी मुनिमांनी शाबासकी धाडलीय. भीमराजला मात्र मशीनपासून चार हात लांब राहायला सांगितलंय."

सगळे हसले. मम्मीने वहीतला हिशेब वाचला. अठ्ठावन्न या आकड्याखाली तिचं बोट थांबलं. "माझ्या पिचकारीनं मोजलंस?"

"व्हय."

"आमच्याकडं डोस चुकला तर माणूस जातो," मम्मी हळू म्हणाली. "तू दाण्याचा डोस बरोबर काढलास." आणि तिने पल्लवीला जवळ ओढून घेतलं, पाकाने चिकट झालेल्या हातांनीच.

रविवारी दुपारी बस सुटायच्या आधी पल्लवीने मम्मीच्या पिशवीत एक बाटली घातली. झाकण घट्ट लावलेलं, आत मूठ मूठ करून चार वेळचे दाणे. "उन्हात ठेवायची न्हाई," तिने बजावलं. मूठभर दाणे तिने घरी कागदात बांधून ठेवले होते. ते जूनसाठी.

बस वळणाआड गेली. धूळ खाली बसली. पल्लवी मोजत नव्हती, पण मनात आपोआप मोजलं जात होतं. आता हिंगोली आली असेल. आता पुढची गाडी.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला.

"पल्लू, बोलू नको. नुसतं ऐक," मम्मी म्हणाली, आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला.

पल्लवीने फोन कानात रुतवून धरला. लांबवर, डोंगरापलीकडे, तेल चुरचुरत होतं. आणि मग... तड्! तडतड्! त्यांच्या घरामागचा तास तिकडे मम्मीच्या खोलीत फुलत होता. रेंज तुटली नाही. आवाज दाट झाला, मग विरळ. मग एक तड्. आणि शांतता.

"एक," पल्लवी म्हणाली.

"दोन," पलीकडून आवाज आला.

"बंद कर, मम्मी!"

"केला," मम्मी हसत म्हणाली. "करपलं न्हाई."